दुसऱ्या मिनिटाला दम का तुटतो

मागच्या महिन्यात आमच्या कराटेच्या क्लासमध्ये एक नवीन ताई आल्या, माझ्याच वयाच्या असतील, आणि चौथ्या दिवशी बूट घालता घालता मला म्हणाल्या की तुम्ही तीन-तीन राऊंड कशा काय खेळता हो, मला तर वॉर्मअपलाच धाप लागते, मी उद्यापासून येत नाही. मी घाईघाईत काहीतरी सांगितलं पण ते अर्धवटच झालं, कारण बाहेर रिक्षावाले दादा हॉर्न वाजवत होते आणि लेकीची बॅग आत राहिली होती. घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं. दीड वर्षापूर्वी मी पण अगदी अशीच त्या पायरीवर बसले होते, आणि मला तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. म्हणून सगळं लिहून काढतेय, लांब होईल, पण वाचा.

आधी माझं सांगते. मी ३८ वर्षांची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका युनिफॉर्म शिवणाऱ्या गारमेंट युनिटमध्ये हिशेब बघते, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीवर. लेक कराटेला जायची जुळे सोलापुरात, पत्र्याचा हॉल आहे, मी बाहेर दीड तास बसून मोबाईल बघायचे. एक दिवस सर म्हणाले, ताई बाहेर बसण्यापेक्षा आत या ना. गेले. शोतोकान शिकवतात तिथं, कराटेचाच एक प्रकार. किहोन म्हणजे ठोसे-लाथा-ब्लॉक एकेक करून घोटायचे, मग काता म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने एकट्याने करायच्या, मग शेवटी कुमिते म्हणजे समोरासमोर खेळायचं.

किहोन जमलं कसंबसं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा कुमितेला उभं केलं, दोन मिनिटांचा राऊंड, समोर चौदा वर्षांची पोरगी. पहिली तीस सेकंद मी नुसती तुटून पडले. पन्नासाव्या सेकंदाला कानात धपधप आवाज यायला लागला, तोंड कोरडं, आणि हात खांद्यातून असे जड झाले जसं कुणी भिजलेली सोलापुरी चादर दोन्ही दंडांना बांधलीय. चादर भिजली की किती जड होते ते ज्यांनी हाताने धुतलीय त्यांना माहितीय. उरलेलं सव्वा मिनिट मी फक्त हात वर धरून मागं सरकत होते. ती पोरगी बिचारी मला लागू नये म्हणून हळू मारत होती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मग मी ठरवलं की स्टॅमिना वाढवायचा. आणि इथंच चुकले. घराजवळच्या एका जिममध्ये गेले, तिथल्या ट्रेनरने सांगितलं की रोज जीव तोडून केल्याशिवाय काही होत नाही, आणि मला रोज टबाटा लावलं, म्हणजे २० सेकंद फुल जोर आणि १० सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. वर एक प्रोटीनचा डबा पण विकला. सहा आठवडे मी सकाळी जिम आणि संध्याकाळी क्लास केलं. झोप उडाली, नडगीची हाडं दुखायला लागली, जिना चढताना दम लागायला लागला जो आधी लागत नव्हता, आणि कुमितेत पन्नासाव्याऐवजी चाळिसाव्या सेकंदाला हात खाली. मला वाटलं माझ्यातच कमी आहे काहीतरी, इच्छाशक्ती वगैरे.

नंतर मी त्या टबाटाबद्दल वाचलं. तो १९९६ चा जपानी प्रयोग आहे, सायकलवर केलेला, शारीरिक शिक्षणाचं शिकणाऱ्या तरुण मुलांवर, सहा आठवडे. आठवड्यातून चारच दिवस ते होतं आणि पाचव्या दिवशी अर्धा तास सलग सायकल पण होती. म्हणजे ज्यांचा पाया आधीच तयार आहे अशा पोरांचा व्यायाम मला, खुर्चीवर बसणाऱ्या बाईला, रोज लावला होता. व्यायाम वाईट नाही, पण जागा चुकली.

आता आबांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. आबा म्हणजे माझे वडील, ६८ वर्षांचे, आयुष्य यंत्रमागावर गेलं, पण तरुणपणी तालमीत होते. त्यांच्या बोलण्यात अजून तालमीची माती येते, हौद्यात ताक, हळद, लिंबू, तेल कसं मिसळायचे ते सांगायला लागले की थांबत नाहीत. ते एकदा नातीला आणायला म्हणून क्लासवर आले आणि खुर्ची टाकून माझा राऊंड बघत बसले. संपल्यावर मी भिंतीला टेकून वाकून उभी, आणि ते जवळ येऊन म्हणाले, "अगं तू श्वास कोंडून मारलालीस की. दम कमी नाही तुझा, तू घेतच नाहीस."

मला पटलं नाही. मग घरी गच्चीवर त्यांनी मला हेयान शोदान करायला लावलं, तो पहिला काता, २१ हालचालींचा, जेमतेम चाळीस सेकंदांचा. अट एकच, प्रत्येक हालचालीला मोठ्यांदा आकडा म्हणायचा. एक, दोन, तीन. बोलायचं म्हणजे हवा सोडावीच लागते ना. मी सहावर गेले आणि आवाज बंद. हात चालू, पाय चालू, आवाज नाही. पुन्हा सुरू, पुन्हा सातला आवाज गेला. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त बोट वर करून दाखवायचे की इथं तुटला. एकवीसपर्यंत सलग मोजत जायला मला नऊ दिवस लागले, आणि नवव्या दिवशी काता संपल्यावर मी धापत नव्हते. तोच काता, तोच वेग. मला गच्चीवरच रडू आलं, खरं सांगते.

कराटेत हे आधीच सांगितलेलं असतं हो, तंत्र मारताना श्वास सोडायचा, किआई म्हणजे तो जो ओरडा असतो तो पोटातून हवा सोडणंच आहे. पण मी किआईला फक्त ओरडा समजत होते, कात्यात दोनदा ओरडायचं आणि मधे सगळं कोंडून ठेवायचं. सोडण्याकडे लक्ष द्या, घेण्याची काळजी करू नका, पूर्ण सोडला की शरीर आपोआप आत घेतं. आता मी कुमितेत प्रत्येक ठोशाला दातातून स्स् असा आवाज काढते आणि दुसऱ्याचा ठोसा अडवताना पण काढते, कारण मार येताना आपण सगळ्यात जास्त कोंडतो.

दुसरी गोष्ट सरांनी पकडली. त्यांनी राऊंडच्या मधेच माझा खांदा दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, ताई हा कानाला लागलाय. खरंच लागला होता. मूठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवळलेली, जबडा आवळलेला, मांड्या ताठ. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, आणि हात पुढे नेणाऱ्या स्नायूला मागे ओढणारा स्नायू पण त्याच वेळी ताठ असेल तर तुम्ही स्वतःशीच कुस्ती खेळताय. मूठ फक्त ठोसा पोचतो त्या क्षणी आवळायची, त्याला किमे म्हणतात, आधी आणि नंतर हात सैल. सांगायला सोपं आहे. मी महिनाभर ऑफिसमध्ये फोन वाजला की खांदे खाली सोडायचे, अशी खूण लावून घेतली होती. आणि कुमितेत उगाच उड्या मारणं बंद केलं. पोरं टुणटुण उडत असतात, त्यांचं बघून आपण पण उडतो, दोन मिनिटांत शंभर उड्या होतात आणि त्यातल्या नव्वद कुठेच नेत नाहीत. मी आता पाय घसरवत सरकते, आणि लांब उभी राहते.

आबा म्हणतात तालमीत याला दमसास म्हणायचे. नुसता दम नाही, दमसास. जुन्या निकाली कुस्तीला वेळेची मर्यादाच नसायची, चितपट होईपर्यंत चालायची, त्यामुळे वस्ताद आधी दम राखायला शिकवायचे आणि मग डाव. आता मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात, ज्युदोत चार मिनिटं, तायक्वांदोत दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड, आणि कराटे २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला होतं तिथं कुमिते तीन मिनिटांची. ऐकायला सगळं थोडंच वाटतं. पण उभं राहून बघा.

हे का होतं ते मला हिशेबाच्या भाषेत समजलं, मी तसंच सांगते. शरीराकडे पैसे तीन ठिकाणाहून येतात. एक खिशातले सुट्टे, स्नायूतच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट, लगेच हातात पण साधारण दहा सेकंदांच्या जोरात संपतं. दुसरी उसनवारी, म्हणजे साखर ऑक्सिजनशिवाय घाईघाईत वापरणं, पटकन मिळते पण तिचं व्याज लगेच भरावं लागतं, तेच ते हात जड होणं, मांड्या जळणं. तिसरा पगार, श्वासातल्या ऑक्सिजनवर चालणारी ऊर्जा. सावकाश येते पण येत राहते. तिन्ही एकदमच चालू असतात, फक्त वाटा बदलतो. आणि मला सगळ्यात धक्का बसला तो याचा, की साधारण सव्वा मिनिट सलग जीव तोडून काम केलं तर त्यातली निम्मी ऊर्जा पगारातूनच आलेली असते. वर खिसा परत भरायचा आणि उसनवारी फेडायची ती पण पगारातूनच. माझा पगार तुटपुंजा होता आणि मी पहिल्या तीस सेकंदात खिसा पण रिकामा करत होते आणि उसनं पण काढत होते. जिममध्ये रोज काय करत होते तर रोज उसनवारी.

(या उसनवारीत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं असं सगळे सांगतात, ते खरं नाही. ते तासाभरात निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं असतं.)

तर पगार वाढवायचा म्हणजे सावकाश व्यायाम, भरपूर. मला हे पटायलाच खूप वेळ गेला, कारण सावकाश पळण्यात आपण काही केलं असं वाटतच नाही. मी विजापूर रोडच्या कंबर तलावावर सकाळी जायला लागले, संभाजी तलाव म्हणतात आता, पण आमच्या घरात अजून कंबर तलावच. नियम एक, बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द नाही, पूर्ण वाक्य. आबा सोबत चालायला यायचे आणि मी पळत त्यांच्यापर्यंत परत येऊन एक वाक्य बोलायचं, आज भाजी काय करायची वगैरे, वाक्य मधे तुटलं की पळणं बंद, चालायचं. नाडीचा हिशेब पण आहे, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केलं की साधारण कमाल ठोके येतात, माझे १८१, आणि सावकाश म्हणजे त्याच्या ६० ते ७० टक्के, १०९ ते १२७. मी नुसती जॉगिंग केली तरी घड्याळ १५० दाखवायचं. म्हणजे माझ्यासाठी जॉगिंग हाच जोरदार व्यायाम होता! पहिले तीन आठवडे मी बहुतेक भरभर चाललेच, मधे मधे एक-एक मिनिट पळायचं. लाज वाटायची, कॉलेजची पोरं शेजारून जायची. पण आठवड्यातून तीन दिवस, तीस मिनिटांपासून सुरू करून पंचेचाळीसपर्यंत, हे केलं आणि दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा तलावाच्या कडेने पंधरा मिनिटं सलग पळत असताना घड्याळ १२६ वर होतं आणि मी आबांना दोडक्याची भाजी सांगत होते.

आतमध्ये काय बदलतं तर हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात जिथं ही पगाराची ऊर्जा बनते. हे आठवड्यात होत नाही. दोन-तीन महिने धरून चाला. जोरदार इंटरव्हल मी सोडले नाहीत, पण आठवड्यातून एकदाच, आणि कराटेचेच, पंचिंग बॅगवर एक मिनिट मारायचं आणि एक मिनिट शांत चालायचं, चार वेळा, हळूहळू दीड मिनिट, मग दोन. क्लासची कुमिते धरून आठवड्यात दोन कडक दिवस झाले, बास. जास्त नाही.

बैठका पण आबांनी सुरू करून दिल्या, आठवड्यातून दोन दिवस. पाय मजबूत झाले की तीच लाथ स्वस्तात पडते, त्यामुळे ताकद आणि दम वेगळे धरू नका. झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पाय लांब टाकून पुढचा गुडघा वाकवून, खाली बसून राहणं आधी मला शिक्षा वाटायची, आता वाटत नाही.

त्या नवीन ताईंचा प्रश्न वॉर्मअपचा होता, त्याबद्दल. व्यायाम सुरू केल्या केल्या ऑक्सिजनची गाडी लगेच वेग घेत नाही, तिला दोन-तीन मिनिटं लागतात, तोपर्यंतचा खर्च खिशातून आणि उसनवारीतून जातो. म्हणून थंड अंगाने धाडकन दोरीवरच्या उड्या सुरू केल्या की तिसऱ्या मिनिटाला वाटतं संपलं सगळं, आणि सातव्या मिनिटाला तेच बरं वाटायला लागतं. ताई चौथ्या मिनिटाला खाली बसायच्या, सातवं मिनिट त्यांनी बघितलंच नव्हतं. मी आता क्लासच्या दहा मिनिटं आधी येऊन हॉलभोवती नुसती चालते, मग भरभर, मग हात फिरवणं, सांधे मोकळे करणं. सरांचा वॉर्मअप सुरू होतो तेव्हा माझा झालेला असतो.

आता आपलं ऊन. बाहेरगावच्या लोकांना वाटतं आपल्याला सवय आहे, पण एप्रिल-मे मध्ये ४२-४३ ला पत्र्याखालच्या हॉलमध्ये साडेसहाला पण भट्टी असते. उन्हाळ्यात दम लवकर तुटतो यात तुमचा दोष नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, त्याच कामाला ठोके जास्त पडतात, घाम गेला की रक्ताचं पाणी अजून कमी. मी एकदा मोजलं. क्लासच्या आधी वजन ५८.४, नंतर कपडे बदलून ५७.६, आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे दीड तासात घाम एक लिटर तीनशे. पाणी प्यायले नसते तर वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर गेलं असतं, आणि दोन टक्क्यांच्या पुढे दम नक्की घसरतो असं धरतात. तुम्ही पण एकदा मोजा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

नुसतं पाणी ढोसू नका, घामात मीठ जातं. मी दुपारी चारला ऑफिसमध्ये मीठ घातलेलं ताक पिते, क्लासला लिंबू-साखर-मिठाचं सरबत नेते, फार ऊन असलं तर मेडिकलमधलं ओआरएस, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. आपल्याकडे नळाला पाणी कधी चार दिवसांनी तर कधी पाच दिवसांनी येतं, त्यामुळे बाटली भरून ठेवणं ही सवय तरी आपल्याला शिकवावी लागत नाही. आणि उन्हाळा सुरू झाला की पहिले दहा-चौदा दिवस व्यायाम कमी करा. शरीर तेवढ्यात जुळवून घेतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. मागच्या वर्षी लग्नात आठ दिवस गेले आणि मी भर एप्रिलमध्ये येऊन पहिल्याच दिवशी पूर्ण क्लास केला, डोकं गरगरलं, अंगावर काटा आला, मळमळ. सरांनी लगेच फॅनखाली झोपवून मानेवर ओले टॉवेल ठेवले. घाम असतानाही अंगावर काटा येणं ही थांबायची खूण आहे. त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा बेशुद्धीकडे गेला तर अंगावर भरपूर पाणी ओतत थेट दवाखाना, वाट बघायची नाही.

एवढं सगळं करून मी चांगली सुधारले होते पण एका जागी येऊन अडकले. राऊंड जमायचा पण दुसऱ्या दिवशी उठवत नसायचं, आणि तलावावर घड्याळ परत वर जायला लागलं, त्याच वेगाला १४५. मी सरांना सांगितलं, आबांना सांगितलं, सगळे म्हणाले आराम कर. आराम केला. फरक नाही. एका डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले या वयात एवढं कशाला करता, घरकाम आहे ना, आणि टॉनिक लिहून दिलं. मला फार लागलं ते.

पकडलं कुणी तर माझ्या मावशीने. ती घरी आलेली, मी तांदूळ निवडत होते आणि निवडता निवडता कच्चे दाणे चघळत होते, वर्षभर सवयच झाली होती, मला कधी वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, रक्त तपास आधी. दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. हिमोग्लोबिन ९.६. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो तर तळाला. बायकांसाठी १२ च्या खाली ॲनिमिया धरतात. मॅडमनी सांगितलं की कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असं खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची खूण असू शकते. हिमोग्लोबिन म्हणजेच ऑक्सिजन वाहून नेणारं, ते कमी असेल तर फुप्फुसं कितीही हवा घेऊ देत, पोचवणारं कोणी नाही. माझ्या पगारातून कुणीतरी दर महिन्याला कापत होतं आणि मला स्लिपच दिसत नव्हती.

आणि मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त! आमच्या युनिटमध्ये मशीनवर बसणाऱ्या बायका दुपारनंतर गळून जातात आणि त्यांना आळशी म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. बाई व्यायामाला आली आणि तिला लवकर धाप लागली तर तिला जोर लाव म्हणायच्या आधी रक्त तपासा. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ते पण डॉक्टरांना सांगा, मी वर्षानुवर्षं सांगितलं नव्हतं. मला गोळ्या दिल्या, रिकाम्या पोटी लिंबू पाण्याबरोबर, आणि सगळ्यात अवघड काय तर जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहामुळे लोह अंगाला लागत नाही. चहा आता जेवणानंतर दोन तासांनी. साडेतीन महिन्यांनी १२.३ आलं. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका मात्र, तपासूनच.

खाण्याचं थोडंच सांगते. भर पोटी आणि रिकाम्या पोटी दोन्ही वाईट. मी दुपारी एकला ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, शेंगा चटणी असं नीट जेवते, पाचला एक केळं, साडेसहाला क्लास. आधी दुपारचा डबा अर्धा परत यायचा आणि चहा-बिस्किटावर क्लासला जायचे, मग दम कुठून राहणार. रात्रीची झोप साडेसहा तासांच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवशी कडक व्यायाम करत नाही, सावकाश चालते. तो प्रोटीनचा डबा अर्धा अजून माळ्यावर आहे.

राऊंडचं पण सांगायचं राहिलं. मी परत सुरुवात केली ती दोन मिनिटांची नाही तर एक मिनिटाची, तीन वेळा, मधे एक मिनिट विश्रांती. सरांनी अट घातली होती की पहिल्या वीस सेकंदात हल्ला करायचाच नाही, फक्त अंतर राखायचं आणि श्वास ऐकायचा. फार अवघड गेलं मला, समोरून ठोसा येतो आणि आपण काही करायचं नाही. पण त्या वीस सेकंदात दिसायला लागलं की समोरची काय करते, कुठला पाय आधी उचलते. दर दोन आठवड्यांनी पंधरा सेकंद वाढवले. राऊंड संपल्यावर वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभं राहिलात तरी चालेल, त्याला लोक नावं ठेवतात पण त्याने श्वास लवकर सावरतो. फक्त खाली बसू नका एकदम, चालत राहा. मी एका मिनिटाने ठोके मोजते. सुरुवातीला राऊंडच्या शेवटी १७२ आणि मिनिटाने १५५ असायचे. आता शेवटी १६८ आणि मिनिटाने १३४. मला बेल्टपेक्षा या आकड्याचा जास्त आनंद होतो.

आबा अजूनही येतात तलावावर. पंधरा दिवसांपूर्वी मी पळत त्यांच्यापाशी आले आणि नेहमीसारखं बोलायला लागले, ते कुठल्यातरी जुन्या कुस्तीच्या फडाबद्दल सांगत होते आणि वाक्य मधेच थांबलं. परत सुरू केलं, परत थांबलं. सपाट रस्ता, नेहमीचा वेग. मी बोट वर केलं, जसं ते गच्चीवर करायचे तसं. ते हसले, पण थांबले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्यांना डॉक्टर मॅडमकडे नेलं, ईसीजी झाला, बीपी बरंच वाढलेलं निघालं, त्यांना माहीतच नव्हतं. गोळी सुरू झालीय. मॅडमनी चालायला हो म्हटलंय, पण सावकाश, म्हणून आता आठवडाभर मीच त्यांच्या वेगाने चालतेय आणि माझं पळणं संध्याकाळी. काल त्यांनी तो फडाचा किस्सा पहिल्यापासून सांगितला, पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत, आणि तो अजून संपलेला नाही.